गंगव्वा, कडी काढ

बेंगळुरातल्या गजबजलेल्या कॉटनपेटेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून भाग्यलक्ष्मी शहराच्या कडेला नव्यानं आखलेल्या एक्स्टेन्शनमधल्या स्वतःच्या घरात राहायला आली ती १९६१ च्या उन्हाळ्यात. घराला नाव ठेवायला जागा नव्हती. मंगळुरी कौलं, पुढे लाल सिमेंटचा व्हरांडा, मागे धुण्याचा दगड आणि चारी बाजूंनी कंपाउंड. पेटेत शेजारणीची फोडणी आपल्या घरात येते, तसलं इथं काही नव्हतं. पण कंपाउंडच्या बाहेरही काही नव्हतं.

रस्ते होते. उभे जाणारे ते मेन, आडवे जाणारे ते क्रॉस, दोरी धरून आखलेले, आणि प्रत्येक कोपऱ्यावर नंबर कोरलेला दगड. विजेचे खांब होते, त्यांतल्या निम्म्यांना तारा नव्हत्या. बाजारासाठी राखलेल्या जागेवर एक बोर्ड होता, त्याच्या सावलीत शेळ्या बसायच्या. घरं म्हणाल तर म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखी, इथं एक, तिथं एक. मधल्या साऱ्या साईटी, म्हणजे घरांसाठी आखलेले तुकडे, रिकाम्या.

तिचा नवरा जयसिंगराव शहर वाढवणाऱ्या मंडळात ओव्हरसियर होता. हा सगळा ब्लॉक त्याच्या डोळ्यांदेखत आखला गेला होता. त्याचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळुरात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. एकुलती मुलगी तंजावरला दिलेली. सकाळी जेवून तो सायकलवर टांग टाकायचा आणि जाताना म्हणायचा, "स्वल्प कळ काढ. पाच वर्षांत इथं बस येईल, शाळा येईल. लोक साईट मिळावी म्हणून रांगा लावतील."

तो गेला की भाग्यलक्ष्मी एकटी.

पहिल्यांदा तिला काठीचा आवाज आला तो भर दुपारी. ती ताक घुसळत होती. टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. कोणी भिक्षेकरी असेल म्हणून ती व्हरांड्यात आली. रस्ता दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर रिकामा होता. आवाज मात्र येतच होता, आणि तो रस्त्यावरून येत नव्हता. रस्ता सरळ होता, आवाज तिरका येत होता, समोरच्या रिकाम्या साईटींमधून कोपरा कापत, जणू तिथं पाऊलवाट असावी तसा. कंपाउंडच्या भिंतीपाशी तो थांबला नाही. अलीकडे आला. मागच्या दाराशी आला.

मग पुरुषाचा थकलेला आवाज म्हणाला, "गंगव्वा, कडी काढ गं."

हे शब्द मराठी होते, म्हणून तिला जास्त भीती वाटली. ह्या भागात मराठी बोलणारं दुसरं घरच नव्हतं. तिनं दार उघडलं नाही. बराच वेळ ताकाच्या भांड्याला धरून ती बसून राहिली, आणि लोणी वर येऊन पुन्हा विरघळलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "रिकाम्या जागेत आवाज घुमतो. पेटेतल्या गर्दीची सवय तुला."

"घुमणारा आवाज नाव घेऊन हाक मारतो होय?"

"कुणाचं नाव?"

"गंगव्वा."

जयसिंगराव बूट काढत होता. त्याचा हात नाडीवर थांबला. "जेवायला वाढ," एवढंच म्हणाला.

हाक रोज येऊ लागली. तंजावरला जाताना वाटेत दोन दिवस राहिलेली नणंद गोजराबाई हिनं ती ऐकली नाही. पण भाग्यलक्ष्मीचं तोंड बघून तिनं दारावर लिंबू-मिरची बांधली आणि बजावलं, "ओ देऊ नकोस बाई. हाकेला ओ दिली की ते घरात आलं म्हणून समज."

"आणि नाही दिली तर, अक्का?"

"तर दुसरं दार बघतं."

गोजराबाई गेली. भाग्यलक्ष्मीच्या मनात ते वाक्य राहिलं. दुसरं दार कुठलं? चहूकडे दगडच होते नुसते, नंबर कोरलेले. एका दुपारी खिडकीतून तिला तो हाक मारणारा दिसला. ऊन इतकं होतं की धुण्याच्या दगडाकडे बघवत नव्हतं. त्या उन्हात एक म्हातारा उभा होता, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर कांबळं. तो दारासमोर नव्हता. दाराच्या डावीकडे, कोऱ्या भिंतीसमोर उभा राहून भिंतीवरून हात फिरवत होता. आंधळा माणूस कडी चाचपतो तसा.

"गंगव्वा, कडी काढ गं."

त्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. दिवसभर राबून आलेला माणूस घरच्या माणसाला हाक मारतो, तेवढंच होतं. भाग्यलक्ष्मीच्या घशातून शब्द कसे निघाले ते तिला कळलंच नाही.

"उघडंच आहे," ती म्हणाली.

उन्हातला म्हातारा दिसेनासा झाला. स्वयंपाकघरात, कोठीच्या भिंतीलगत, कोणीतरी काठी टेकवून खाली बसल्याचा आवाज झाला आणि एक लांब सुस्कारा ऐकू आला. तिथं कोणीच नव्हतं. ती चुलीपाशी उभी राहिली. काही झालं नाही. उन्हं कलली तेव्हा तिला जाणवलं की आता तिथं कोणी बसलेलं नाही.

त्यानंतर भीती राहिली, पण तिची धार गेली. हाक आली की ती "उघडंच आहे" म्हणायची, कोठीच्या भिंतीकडे न बघता भाजी चिरायची. कधी तांब्याभर पाणी ठेवायची. पाणी तसंच राहायचं, ती ते तुळशीला घालायची. एवढ्या मोठ्या दुपारी घरात कोणी बसलेलं आहे याचा तिला आधार वाटू लागला होता, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

एरवी रविवारीही कामावर जाणारा जयसिंगराव दसऱ्याच्या सुट्टीत मात्र घरी होता. जेवून पाटावरून उठत असतानाच बाहेर काठी वाजली. त्यानं मान वर केली. हाक आली. भाग्यलक्ष्मीनं नेहमीच्या सवयीनं उत्तर दिलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"तुम्हाला ऐकू आलं," ती म्हणाली.

"यल्लाप्पा," तो म्हणाला. "यल्लाप्पाचा आवाज आहे हा."

मग त्यानं तिला सांगितलं. इथं पूर्वी तळं होतं. तळ्याच्या बांधाखाली एक पाळ्य होतं, म्हणजे लहानशी वाडीच. बेळगावकडून मातीकामाला आलेली माणसं तळ्याचा बांध घालून झाल्यावर इथंच राहिली होती. ब्लॉकच्या आखणीत तळं आटवायचं ठरलं आणि पाळ्य उठवायचं ठरलं. वरच्या साहेबांनी हे काम जयसिंगरावाकडे दिलं, कारण त्याला त्या लोकांची भाषा येत होती.

"मंडळाच्या दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकलं नसतं," तो म्हणाला. "मी मराठीत बोललो. आपला माणूस सांगतोय म्हणून गाड्या भरल्या त्यांनी. यल्लाप्पा आंधळा. बायको आदल्या वर्षी गेलेली, गंगव्वा. तो बाहेर येईना. मीच त्याचा हात धरून त्याला गाडीत बसवलं."

"आणि त्यांचं घर?"

जयसिंगरावानं कोठीच्या भिंतीकडे बघितलं. "इथंच असेल कुठंतरी. मला साईट मिळाली तेव्हा मी नकाशावर नंबर बघितला. खाली काय होतं ते बघितलं नाही."

"गेला असेल बिचारा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "जीव अडकलाय. त्याच्या माणसांना भेटू या. दहावं-तेरावं राहिलं असेल, काही मागणं असेल."

पाळ्यातल्या लोकांना गावाबाहेर, दगडाच्या खाणींपलीकडे, मंडळानं वसाहत बांधून दिली होती. दोघं जटका, म्हणजे टांगा, करून तिथं गेली. तीही आखलेलीच होती, एका मापाच्या खोल्या, एका रंगाची दारं. यल्लाप्पाच्या मुलीचं नाव तानूबाई. तिनं जयसिंगरावाला ओळखलं आणि पदर खोचत दारात आडवी उभी राहिली.

"आता इथनं पण उठवताय काय?"

"नाही गं," तो म्हणाला. "तुझ्या बापाचं कळलं, म्हणून आलो."

"काय कळलं?"

भाग्यलक्ष्मी पुढे होऊन हळूच म्हणाली, "ते कधी गेले, बाई?"

तानूबाईनं तिच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "कुठं गेले? हितंच आहे की."

आत खाटेवर यल्लाप्पा होता. भाग्यलक्ष्मीनं दाराच्या चौकटीला धरलं. तेच कांबळं, तेच खांदे. तानूबाई सांगत होती: इथं आल्यावर पहिल्या सकाळी तो काठी घेऊन बाहेर पडला. सगळ्या खोल्या सारख्या, डोळसांचीही चूक व्हायची. परतीचं दार सापडेना, आणि तो नव्या खोल्यांच्या पायासाठी खणलेल्या चरात पडला. कंबर मोडली ती मोडलीच. तेव्हापासून तो खाटेवरून उतरलेला नाही.

"खोटं बोलते ही," यल्लाप्पा शांतपणे म्हणाला. "रोज दुपारी जातो की मी घरला. ही म्हणती खाटंवर असतोस. असंल. पायांना अजून कळालं नाही वाडी उठली ते."

तानूबाईनं त्याच्या पायांवरचं कांबळं सारखं केलं.

"एक बाई असती तिथं आता," तो पुढे म्हणाला. "उघडंच आहे म्हणती. गंगी तसं म्हणायची नाही, गंगी शिव्या घालायची. पण म्हणती ती. बरं वाटतंय."

भाग्यलक्ष्मीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं तोंडातून शब्द काढला नाही, आवाज ओळखला जाईल म्हणून. जयसिंगराव मात्र खाटेपाशी जमिनीवर बसला.

"अण्णा, मी जयसिंगराव. मंडळाचा. मीच तुम्हाला गाडीत बसवलं होतं."

"हात ओळखला असता. आवाजानं पण ओळखलं."

"तुम्हाला घरी नेतो. तुमच्या जागेवर माझं घर आहे. आज चला, पाहिजे तेव्हा चला. जटका आणलाय."

भाग्यलक्ष्मीला आतून कुणीतरी सांगत होतं की हे करू नये. का करू नये ते तिला सांगता आलं नसतं. नवऱ्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी उजेड आला होता, तोच बघून ती गप्प राहिली. तानूबाई नको म्हणत होती. यल्लाप्पा म्हणाला, "न्या."

त्याला कांबळ्यात गुंडाळून गाडीत निजवलं. वाटभर तो डोकं उचलून वास घेत होता. घरी आल्यावर जयसिंगराव आणि गाडीवाला यांनी त्याला उचलून स्वयंपाकघरात आणलं आणि कोठीच्या भिंतीला पाठ लावून बसवलं. भाग्यलक्ष्मी कितीतरी दुपारी ज्या जागेकडे बघायचं टाळत आली होती, तीच ही जागा.

यल्लाप्पानं जमिनीवर तळवा ठेवला. फरशीवरून फिरवला. मग भिंतीवरून.

"गार आहे," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तळं कुठल्या अंगाला?"

"तळं आटवलं, अण्णा."

"व्हय. म्हणून वारा नाही." तो कान देऊन बसला. एखादी म्हैस, एखादं पोर, कपडे आपटल्याचा आवाज, असलं काही ऐकू येईल म्हणून असेल. लांबून कुठल्यातरी बांधकामावर दगड फोडल्याचे ठोके येत होते. त्याचं तोंड हळूहळू बारीक होत गेलं. डोळस माणसानं दिवा विझताना बघावा तसं ते भाग्यलक्ष्मी बघत राहिली.

"हे ते न्हवं," तो म्हणाला.

"जागा तीच आहे, अण्णा. मी नकाशावर—"

"जागा असंल. घर न्हवं. हितं कोण नाही." त्यानं हात पुढे केला, कुणीतरी उठवावं म्हणून. "मला नेऊन सोडा, साहेब. उगा आणलं."

भाग्यलक्ष्मी तेव्हा पुढे झाली आणि तिनं तो हात धरला. "मी आहे की," ती म्हणाली. "उघडंच होतं. उद्या पण उघडंच राहील."

त्यानं तो आवाज ओळखला. मान हलवली. तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला आणि म्हणाला, "तुझी काय चूक नाही पोरी. पण आता पायांना कळालं. वाट मोडली."

त्याला परत नेऊन सोडलं, त्या दिवसापासून काठी वाजली नाही. भाग्यलक्ष्मी दुपारभर कान लावून बसायची. समोरच्या साईटीवर पाया खणायला सुरुवात झाली, मग शेजारच्या. माणसं आली, मुलं आली, संध्याकाळी रेडिओ वाजू लागले. शेजारणी म्हणायच्या, किती छान हवा आहे इथं. ती हो म्हणायची. यल्लाप्पा त्या थंडीतच गेला. तानूबाईनं निरोप धाडला तो सगळं उरकल्यावर. जयसिंगरावानं त्या दिवशी न सांगता दाढी-मिशी उतरवली. ऑफिसात विचारलं तेव्हा लांबचा नातेवाईक म्हणाला.

पुढल्या वर्षी मंडळानं नवा ब्लॉक काढायचं ठरवलं, आणखी दक्षिणेला. तिथंही एक वस्ती होती. साहेबांनी जयसिंगरावाला बोलावलं. तुम्हाला लोकांशी बोलायची हातोटी आहे, असं ते म्हणाले. त्यानं नाही म्हटलं नाही. नोकरी होती, निवृत्तीला बरीच वर्षं होती. शिवाय तो नाही म्हणाला असता तर दुसरं कोणी गेलं असतं, आणि ते कोणी बोलण्याच्या भानगडीत पडलं नसतं.

सकाळी त्यानं सायकल बाहेर काढली. भाग्यलक्ष्मी डबा घेऊन फाटकापर्यंत आली.

"काय सांगणार त्यांना?" तिनं विचारलं.

"जे सांगायचं ते."

"ते नंतर सांगा. आधी घराघरांत जा. कोण कुठं बसतं, कोण कुणाला हाक मारतं, ते विचारा. पाणी देतील ते प्या."

"आणि मग?"

तिनं डबा कॅरियरला बांधला, गाठ ओढून बघितली. त्यानं थोडा वेळ हँडलला धरून वाट पाहिली, मग सायकलवर बसला आणि सरळ, नव्यानं डांबर घातलेल्या रस्त्यानं दक्षिणेकडे निघून गेला.