लाभ, वन, टू

नकुलने शिसवी मुद्गल मागितला, तेव्हा मालिनीताई जराशा घुटमळल्या. मुद्गल दिगंबररावांचा, नकुलच्या बाबांचा. सांगलीहून अमेरिकेत अर्विंगला येताना त्यांनी बॅगेतले चार सदरे काढून तो आत कोंबला होता. ते गेल्यापासून तो देवघराशेजारी उभा होता. दसऱ्याला हळदकुंकू, बाकी कुणाचा हात नाही.

"आई, आमच्या जिममधले मुद्गल आयझायाला खेळण्यासारखे वाटतात. आज त्याचं टीममधलं नाव राहणार की जाणार, ते ठरणार आहे."

नकुल तिथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाला व्यायाम देई. मैदानात एकमेकांवर भिंतीसारखे आदळणारे ते गडी! त्यातल्याच आयझायाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं.

"ने. पण मीही येते," मालिनीताई म्हणाल्या. "आणि बूट काढायला लाव हं त्याला."

जिममध्ये आयझायाने खरंच बूट काढले. एकेक बूट केवढा, तर तुळशीचं रोप मावेल एवढा. त्याने मुद्गलाला हात लावून तो कपाळाला टेकवला. हे नकुलनेच शिकवलेलं. मालिनीताईंना एकदम जुन्या अपार्टमेंटची बाल्कनी आठवली. पहाटे उघड्या अंगाने मुद्गल फिरवणारे दिगंबरराव, आणि खाली कुत्रं फिरवणारी शेजारीण थबकून बघतेय.

दुखऱ्या हाताने न थांबता बारा फेरे, अशी अट होती. मुख्य कोच ब्रेननसाहेबांची नजर खांद्यावर, मोजणी नकुलकडे.

"लाभ!" नकुल ओरडला. "वन! टू!"

मालिनीताईंना हसू फुटलं. दिगंबररावांचे वडील धान्याचे व्यापारी. मापं मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, ही घरची रीत दिगंबररावांनी व्यायामातही चालू ठेवली होती.

"नाइन! टेन!" आयझायाच्या मानेवरून घाम ओघळत होता. "इलेव्हन!"

पुढच्या फेऱ्याला मुद्गल खांद्याशी अडकला. हात खाली आला. ब्रेननसाहेबांनी मान हलवली.

"नकुल," मालिनीताई हळूच म्हणाल्या, "बारा झाले की रे."

"अकरा, आई."

"आणि लाभ?"

"तो फेरा स्टार्टचा ना? झीरो."

"अरे, लाभ म्हणजेच एक! लाभ, दोन, तीन, असं मोजायचं."

नकुलने साहेबांना घाईघाईने समजावलं. साहेबांनी टेस्टचा व्हिडिओ लावला आणि बोटांनी फेरे मोजले. बारा. कागदावर सही झाली. आयझाया बाकावर टॉवेलात तोंड खुपसून बसला.

"म्हणजे लहानपणापासून मी रोज एक जास्त करतोय?" नकुल म्हणाला. "बाबांना माहीत होतं?"

मालिनीताईंना आता सगळं लख्ख आठवलं. सहा वर्षांचा नकुल त्याच बाल्कनीत बैठका काढत "लाभ, वन" म्हणत होता. त्या चूक सांगायला तोंड उघडणार, तोच दिगंबररावांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. डोळे मात्र मिश्किल. 'होऊ दे गं एक जास्त,' ते मागाहून कुजबुजले होते.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"यार, बाबा पण ना!" नकुल हसला. "उद्यापासून बरोबर मोजू?"

"टेस्टला बरोबर मोज," मालिनीताई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "घरी तुझं तसंच चालू दे."