डोळ्यांतली माफी

पाचशे पानं संपवून उज्वलानं पुस्तक खाटेवर आदळलं. नागकन्येच्या प्रेमकथेचा हा पाचवा आणि शेवटचा भाग. चौथ्या भागात राजानं भर दरबारात नागकन्येच्या बापाचा पाणउतारा केला होता आणि ती तडक पाताळात निघून गेली होती. आता राजा येऊन काय बोलतो, यासाठी उज्वलाचा जीव टांगणीला लागला होता. आणि लेखिकेनं काय केलं, तर शाप, उःशाप, दोन स्वयंवरं, एक बोलका पोपट असा सगळा पसारा घालून शेवटी राजाला नुसतं दारात उभं केलं. पोपट बोलला, राजा काही बोलला नाही. 'त्याच्या डोळ्यांत तिला सारं उमगलं,' एवढ्या एका ओळीवर नागकन्या बाईसाहेब राजाच्या रथात चढल्या.

"डोंबल उमगलं," उज्वला म्हणाली.

तिचा संताप पुस्तकापुरता नव्हता. दिवाळीआधी तिचे वडील किशनराव घरचे नवे मूग घेऊन नांदेडला लेकीकडे गेले, तेव्हा तिचा नवरा वैजनाथ चार पाहुण्यांदेखत म्हणाला होता, "आले फुकट जेवायला." किशनराव पाणीही न पिता उठले. त्यांच्या मागोमाग उज्वलाही औशाला माहेरी आली. वैजनाथनं वडिलांची माफी मागितल्याशिवाय नांदेडला पाय ठेवायचा नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. हे पुस्तकही त्यानंच पाठवलेलं, शेवटच्या प्रकरणात खूण घालून.

दुपारी तो स्वतः न्यायला आला. ओसरीवर बसलेल्या किशनरावांना लांबूनच नमस्कार करून थेट आतल्या खोलीत शिरला.

"वाचलीस? शेवट लई भारी हाय."

"राजानं माफी कुठं मागितली?"

"मागितली की मनातून. समदं बोलूनच दाखवावं लागतंय व्हय?"

"मग मीबी मनातून आले नांदेडला. तुम्ही न्यायला कशाला आलाव?"

तेवढ्यात ओसरीवरून किशनरावांची हाक आली.

"जावईबापू, ताट वाढलंय. जेवल्याबिगर जाऊ नका."

वैजनाथ अगदी कानकोंडा झाला. दारापर्यंत गेला, थबकला आणि मागे वळून उज्वलाकडे बघत राहिला. डोळे भरून आले होते त्याचे. उज्वलाला मनस्वी वैताग आला. तिनं तोंड फिरवलं आणि तो वडिलांपुढे तोंडानं काही बोलतो का ते ऐकायला ओसरीकडे कान लावून उभी राहिली.