राक्षसाला लागलेली धाप

मी एक जुना हवा भरायचा पंप आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. तेव्हा माझ्याकडून गोडगोड कहाणीची अपेक्षा ठेवू नका.

तुमच्यापैकी काहींनी संगणकावर अंतराळयानातला तो गोळीबाराचा खेळ खेळला असेल. यानातले सगळे मेलेले असतात आणि तुमचा सैनिक एकटा उरलेला असतो. हातात भलीमोठी बंदूक, गोळ्या भरपूर. लांबलचक बोळातले दिवे एकेक करून विझतात. मग बंदुकीवरचा दिवाही विझतो आणि डाव्या कानाशी कुणीतरी श्वास घेतं. तुम्ही डावीकडे गोळ्या झाडता, तर श्वास उजवीकडून येतो. उजवीकडे झाडता, तर तो तुमच्याच हेल्मेटच्या आतून येतो. आता गोळी झाडायची कुठे? तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते म्हणे.

तो श्वास माझा आहे. खेळ संपल्यावर नावांची भलीमोठी यादी सरकत जाते, त्यात चहा आणून देणाऱ्याचंही नाव आहे, माझं नाही. पण माझा राग त्याचा नाही. कशाचा आहे ते ऐका.

माझी घडण साधी आहे. लोखंडाची नळी, लाकडी मूठ, पायाने दाबून धरायला खाली दोन पट्ट्या आणि आत दांड्याच्या टोकाला चामड्याची एक वाटी. तिला सगळे वायसर म्हणतात. वायसर तेल प्यायलेला असला की नळीला घट्ट बसतो आणि सगळी हवा खाली ढकलतो. वाळला की आकसतो, कडेने हवा निसटते आणि पंपाला धाप लागते. पुढचा सगळा तमाशा या वायसरवरूनच झाला.

कारखान्यातून मी थेट एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानाच्या मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. त्यांनी मला वीस वर्षं राबवलं, पण उपाशी कधी ठेवलं नाही. दुकान उघडलं की आधी माझ्या वायसरला तेल. शाळेत निघालेली पोरं सायकली घेऊन रांगेत उभी राहत आणि मिस्त्री अभिमानाने म्हणत, "दहा हातांत टायर दगड होतं बघा!" होतही असे. मित्रांनो, त्या दिवसांत मला राग म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मग दुकानात विजेवर हवा भरायचं यंत्र आलं. बटण दाबलं की काम झालं. मला फाटक्या टायरांच्या ढिगामागे उभं केलं आणि गरज सरो, वैद्य मरो. अकरा वर्षं! तेलाचा थेंब नाही की कुणाचा हात नाही. वायसर वाळून सुपारीसारखा कडक झाला.

मिस्त्रींचे गुडघे गेले आणि दुकान विकायची वेळ आली. सामान काढायला त्यांची मुलगी आली होती. मला बाजूला ठेवताना तिने मूठ वर ओढली आणि माझ्या तोंडून असा काही घरघरता श्वास निघाला की ती जागीच थांबली.

"बाबा, हा कसला आवाज?"

"जुना पंप आहे गं. टाकून दे भंगारात."

तिने पुन्हा मूठ ओढली आणि कान माझ्या नळीला लावला. मला वाटलं, चला, कुणाला तरी दया आली, आता तेल मिळणार. तर ती काय म्हणाली? "अहाहा, काय आवाज आहे!"

ही मुलगी खेळांसाठी आवाज बनवायची. कचेरीत तिला आवाजवालीच म्हणत. कोबीचा गड्डा पिरगाळून ती हाडं मोडल्याचा आवाज काढी, चामड्याचे हातमोजे झटकून पंख फडफडवी. मला तिने टॉवेलात गुंडाळून कचेरीत नेलं, माझे तीन श्वास रेकॉर्ड केले आणि सगळ्यांना बजावलं, "याला कुणीही तेल लावायचं नाही. धूळसुद्धा पुसायची नाही." म्हणजे बघा! माझं दुखणं हेच तिचं भांडवल. मी बरा होऊ नये म्हणून पहारा!

तिच्या साहेबांना मात्र तो श्वास पटेना. "फारच बारीक आवाज आहे हा. तिथे एक मोठा धमाका टाका."

"धमाक्याने माणूस दचकतो, साहेब. घाबरत नाही."

"मग शुक्रवारी बघू. सहा जणांना खेळायला बसवू, मनगटाला नाडी मोजायचे पट्टे बांधू. नाडी नाही पळाली तर धमाका टाकायचा. आणि पुढच्या खेळाला तुमच्या जागी दुसरं कुणीतरी."

आता पंचाईत अशी, की त्या बोळात खेळाडू हवा तितका वेळ उभा राहू शकतो. तेच तेच तीन श्वास ऐकले की कानाला चोरी कळते आणि भीती पळते. वेगवेगळे चाळीस श्वास हवे होते, आणि ते गुरुवारी रेकॉर्ड व्हायचे होते. कचेरीत झाडलोट करणाऱ्या मावशी मला घासूनपुसून काढायला टपल्या होत्या, म्हणून बुधवारी आवाजवालीने मला घरी आणलं, मोरीजवळच्या कोपऱ्यात ठेवलं आणि ती बाजारात गेली. घरी होते मिस्त्री. त्यांना काही सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

मिस्त्रींनी सहज मूठ ओढली आणि मी घरघरलो. त्यांचा चेहराच पडला. "अरे अरे, काय दशा झाली तुझी," म्हणाले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मला खोललं. बारीकसारीक सामानाचा एक डबा त्यांनी भंगारात दिला नव्हता, त्यात एक कोरा वायसर निघाला. तो तेलात भिजवला, चोळला, बसवला. मित्रांनो, मी श्वास घेतला. पूर्ण, खोल, बिनआवाजाचा. अकरा वर्षांनी!

मुलगी आली तसे मिस्त्री ऐटीत म्हणाले, "ओढून बघ. कणभर हवा वाया जात नाही."

तिने मूठ ओढली. शांतता. पुन्हा ओढली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाबा, काय केलंत हे?"

"दुरुस्त केला."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? मिस्त्रीच्या घरात पंप धापा टाकतो, मला लाज वाटते."

"अहो, उद्या रेकॉर्डिंग आहे! त्या धापेसाठीच तर आणलाय त्याला! सगळं पाण्यात घातलंत तुम्ही!"

"वा! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!"

मी ठणठणीत, आणि घरात आकांत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्त्रींना आत्ता लाज वाटते? मला टायरांमागे उभं केलं तेव्हा ही लाज कुठे गेली होती? आणि ही पोरगी! मी बरा झालो म्हणून कपाळाला हात लावून बसली होती.

"जुना वायसर कुठाय?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी तो मुठीत आवळला. "नाही देणार. बऱ्या झालेल्याला परत आजारी पाडतेस?"

"बाबा, तो पंप आहे."

"माहितीये मला. तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो मी त्याला."

"उद्या तो आवाज नसेल, तर माझी नोकरी जाईल."

मिस्त्रींनी हात पुढे केला. मग मूठ उघडली. तिला वायसर बसवता येईना, आटे वाकडे जाऊ लागले. शेवटी त्यांनीच आपल्या हाताने नवा वायसर काढून खिशात टाकला आणि तो वाळका परत बसवला. हे मी विसरलेलो नाही.

गुरुवारी माझे चाळीस श्वास काढले. तिसाव्याच्या आसपास वायसर चिरला आणि आवाज आणखी भयानक झाला. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिंगवाला खुशीत म्हणाला, "वा, असाच चालू दे!"

शुक्रवारी सहा जण खेळायला बसले. त्यातला एक धट्टाकट्टा गडी "आई गं!" करून खुर्चीसकट मागे सरकला. एकीने कानावरचा हेडफोन काढून फेकला. सगळ्यांची नाडी घोड्यासारखी पळाली. साहेब तर हवेतच. "जबरदस्त! आता हा राक्षस आणखी पाच ठिकाणी घालू. सोमवारपर्यंत दोनशे श्वास काढा!"

तेवढ्यात मला घरी न्यायला मिस्त्री आले. साहेबांनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. "या आजोबा, ऐका मुलीची करामत."

मिस्त्रींनी आयुष्यात असा खेळ खेळला नव्हता. दिवे विझले. श्वास आला डावीकडून, मग उजवीकडून, मग हेल्मेटच्या आतून. त्यांनी एकही गोळी झाडली नाही. नुसते ऐकत राहिले. मग हेडफोन काढला.

"काय, घाबरलात ना?" साहेबांनी हसत विचारलं.

"घाबरायचं काय त्यात? त्याला त्रास होतोय. वायसर चिरलाय, वर ओढताना दुखतंय त्याला. गोळ्या कसल्या झाडताय? तेल घाला कुणीतरी!"

सगळे खो खो हसले. आवाजवाली हसली नाही. माझ्याजवळ येऊन तिने हलकेच मूठ ओढली. या खेपेला ती नुसता आवाज ऐकत नव्हती.

"साहेब, चाळीसच मिळतील," ती म्हणाली.

"दोनशे म्हटलं मी."

"चाळीस. जास्त हवे असतील तर धमाका टाका. नाहीतर माझ्या जागी दुसरं कुणी बघा." आणि वडिलांपुढे हात केला. "बाबा, तो खिशातला वायसर द्या."

"सरक. तुला आटे बसवता येत नाहीत," मिस्त्री म्हणाले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिथेच फरशीवर बसले.

साहेबांनी दोन दिवस आदळआपट केली आणि सोमवारी चाळिसांवरच भागवलं. नाडीचे आकडे हातात असताना करतात काय?

मी आता बरा आहे. राग मात्र गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. मित्रांनो, त्या बोळात तुम्ही खुशाल गोळ्या झाडा, खेळच आहे तो. पण तुमच्या घरात, दुकानात, शेजारी कुणी धापा टाकत असेल, तर "काय आवाज आहे!" म्हणून त्याची मजा बघू नका, आणि आता उपयोग नाही म्हणून त्याला कोपऱ्यात ढकलूही नका. त्याच्याजवळ जा आणि विचारा, दुखतंय का. माझं दुखणं कुणालातरी कळावं म्हणून मला राक्षस व्हावं लागलं.