डाव्या बाजूचं फ्रीव्हील

"मामी, मागे बसून तुम्ही खरंच पायडल मारता, की नुसत्या बसून असता?"

विजीने विचारलं मात्र, मागे उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणी सरोजा नि शिवकामी परकरावरच्या दावणीच्या, म्हणजे अर्ध्या साडीच्या, पदरात तोंड खुपसून खिदळू लागल्या. पैज त्यांनीच लावली होती. डॉक्टर शंकरनारायणांनी विलायतेला परत निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून दोघांनी चालवायची लांबलचक सायकल घेतली, तेव्हापासून कुंभकोणमच्या प्रत्येक ओट्यावर हाच विषय होता. पुढे डॉक्टर, मागे नऊवारी मडिसार नेसलेल्या सुब्बलक्ष्मी मामी. पण मामी मागे करतात काय? विचारायची छाती कुणाची नव्हती. विजीची होती. शाळेच्या समारंभात न अडखळता भाषण केल्यापासून ती कुणालाही काहीही विचारू शकत होती.

मामी रागावल्या नाहीत. सायकलच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, मोठ्याने हसल्या. "नुसतं बसायची सोय कुठे गं? एका साखळीला चार पाय बांधलेत. ह्यांचे फिरतात तोवर माझे फिरलेच पाहिजेत, पोटरीत गोळा आला तरी! शुक्रवारी तिरुक्करुगावूरला देवीच्या दर्शनाला जायचंय. हे जातील सायकलवर. मी आपली बैलगाडीने."

"बैलगाडी कशाला, मामी? आमचे अप्पा करून देतील की! तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही पाय मारा, त्यांना वाटेल तेव्हा ते मारतील. शुक्रवारच्या आत!"

दुकानात कृष्णमूर्ती अप्पांच्या हातातला पाना खाली पडला. ते बाहेर आले, मामींकडे बघून गोड हसले, आणि तसंच हसत हसत, मामींना कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "विजी, घरी चल. तुझ्या जिभेलाच कुलूप घालतो." मग तमिळमध्ये मामींना म्हणाले, "करू की, मामी. त्यात काय मोठं!"

घरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेल्या त्यांच्या मराठी घरचा रिवाज. गिऱ्हाइकासमोर मुलीला झापायला तो फार सोयीचा पडे.

"डॉक्टरांच्या बायकोला शब्द दिलास," रात्री जेवताना अप्पा म्हणाले. "जमलं नाही तर सायकल कामाला मद्रासला जाईल. आणि गाव म्हणेल, कृष्णमूर्तीला पंक्चरच तेवढं काढता येतं."

विजीने हातातला घास खाली ठेवला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा कामाला लागले. युक्ती तशी सोपी होती. दोघांच्या मध्ये, खाली, एक आखूड आस बसवायचा. डाव्या बाजूने डॉक्टरांची साखळी त्यावर यायची, उजव्या बाजूने मामींची, आणि तिथून एकच साखळी मागच्या चाकाला. आसावर दोन्हीकडे एकेक फ्रीव्हील. पाय मारले की ते धरणार, थांबले की किर्र करत मोकळं सुटणार. विजी शाळेतून आली की दाराशी उभी राहून बघायची. हत्यारांना हात लावायचा नाही, ही आईची सक्त ताकीद.

गुरुवारी दुपारी सगळं जोडून झालं. अप्पांनी सायकल ठोकळ्यांवर चढवली. मामींचं पायडल फिरवलं, चाक भिरभिरलं. मग डॉक्टरांचं फिरवलं. किर्र, किर्र, किर्र. चाक ढिम्म. उलटं फिरवलं, तर फ्रीव्हीलने लगेच घट्ट धरलं.

"आता काय, डॉक्टरांना उलटे पाय मारायला सांगू?" अप्पा मटकन स्टुलावर बसले.

विजी उजव्या बाजूला जाऊन बसली. पुढे जाणारं चाक इथून घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. पळत डावीकडे गेली. इथून काट्यांच्या उलट!

"अप्पा! फ्रीव्हील उजव्या बाजूसाठीच केलेलं असतं. तुम्ही ते डावीकडे तसंच लावलंत. त्याचं तोंड फिरवा ना!"

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग फ्रीव्हीलकडे. मग कपाळावर हात मारला, तिथे काळा पट्टा उमटला. "ते खरं गो. पण मग त्याच्या पेचाचे आटे उलटे पडतात. डॉक्टर जोर लावतील तसं ते सैल होत जाणार. गावातल्या बाणादुरैपर्यंतही पोचायचं नाही, गळून पडेल."

विजी घराकडे जी धावत सुटली ती मोरीपाशीच थांबली. आई, धनलक्ष्मी, शुक्रवारसाठी नाचियार्कोविलच्या कासारांनी घडवलेली पितळी समई चिंचेने घासत होती. बैठक, दांडा, तबक, सगळे पेच सोडवून मांडलेले. फक्त शेंड्यावरचा हंस तबकाला होता तसाच. तो कधीच सुटत नसे, कारण त्याच्या मानेखाली पेचातून आरपार पितळी खिळी मारली होती. विजीने हंसासकट तबक उचललं आणि पळाली.

"अगो, समई कुठे नेतेस? विजी! मेले, चिंच गळतेय!"

आई हातातल्या चोथ्यासकट दुकानात पोचली, तेव्हा बाप-लेक हंसाच्या मानेत डोकं घालून बसले होते.

"खिळी," अप्पा पुटपुटले. "भोक पाडून खिळी मारायची. फिरणारच नाही."

"अहो, हा देवाचा दिवा आहे, सायकलचा नव्हे!"

"धनू, रागव नंतर. आधी हे चाक धर. विजी, ये इकडे. गिरमिट तू फिरव, मी आस धरतो."

आईने चाक धरलं. विजीने गिरमिट फिरवलं. पहिल्यांदाच. लोखंडाचा रुपेरी भुसा तिच्या मनगटावर उडत होता, आणि आई तो बघत होती. चाक मात्र तिने सोडलं नाही.

शुक्रवारी सकाळी निम्मी गल्ली दुकानापुढे जमली. डॉक्टर पुढे बसले, मामी मागे. सायकल हलली. कोपऱ्यावर कुंभेश्वराचं गोपुर दिसताच मामींनी पाय थांबवले आणि दोन्ही हात जोडले. डॉक्टर एकटेच पाय मारत होते.

"बघा हो, बघा! माझे पाय माझे झाले!" मामी ओरडल्या.

मग डॉक्टरांनीही लबाडीने पाय थांबवले. सायकल काही थांबली नाही. मामी ओढत होत्या, आणि इतक्या जोरात की डॉक्टरांनीच घंटी वाजवायला सुरुवात केली. गल्ली टाळ्या पिटत होती. सरोजा नि शिवकामी तर सायकलमागे वळणापर्यंत धावल्या. खिळी हलली नाही.

अप्पा उपरण्याने डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले. आई त्यांच्याशेजारी उभी. विजीने दावणीचा पदर कमरेला खोचला आणि दोघांच्या समोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, आई, शाळा मी सोडणार नाही. पण शाळा सुटली की रोज दुकानात येणार. दाराशी उभी राहायला नाही, हातात पाना घ्यायला. विचारत नाहीये मी, सांगतेय."