तपासणीची दाढी

लोहार आणि त्याची बायको यांचं भांडण गावाला रोज फुकट ऐकायला मिळतं, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी ती दोघं माझ्या दुकानात येऊन भांडली, म्हणून सांगतो. मी न्हावी. खुर्चीत बसलेला माणूस काय लपवतोय ते मला त्याच्या मानेवरून कळतं, असा माझा समज होता.

वहिनीचं म्हणणं, घण मारता मारता हे मध्येच थांबतात, छाती धरून मटकन खाली बसतात. लोहाराचं म्हणणं, वय झालं की बसतोच माणूस. शहरातला दवाखाना पन्नास किलोमीटरवर. जाऊन यायला दोन दिवस मोडणार, आणि इकडे फाळ घेऊन माणसं दारात उभी. महिनाभर हेच चाललं होतं. शेवटी वहिनीने परस्पर नंबर लावला. आमच्या आरोग्य केंद्रात नर्सबाईंकडे टॅबलेट आलाय. त्यात शहरातली डॉक्टरीण दिसते, विचारपूस करते, औषध लिहून देते. लोहाराला त्यातलं एवढंच कळलं की आपला चेहरा दिसणार.

"दाढी कर, मिशा काळ्या कर," तो म्हणाला. "बाईमाणूस बघणार आहे."

"अरे, ती तुला तपासणार आहे, पसंत करणार नाही."

"तू वस्तरा चालव, तोंड नको."

चालवला. वर शहाणपणा असा, की चेहरा जरा उतरलेला वाटला म्हणून पावडरचे दोन हात मारले. आमच्याकडे अजून कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणजे फोटोच काढायचा. ताठ बसायचं, पोट आत घ्यायचं, श्वाससुद्धा बेताने सोडायचा. लोहार केंद्रात जाऊन तसाच बसला. मीही सोबत गेलो. खरं सांगायचं तर माझी कारागिरी पडद्यावर कशी दिसते ते बघायला गेलो.

डॉक्टरीण आमच्या लेकीच्या वयाची. तिने विचारलं, काय होतंय? काही नाही. दुखतं कुठे? छे. दम लागतो? मुळीच नाही. वहिनी तोंड उघडायची आणि हा डोळे वटारायचा. येताना वाटेत तो दोनदा दगडावर टेकला होता, ते मी पाहिलं होतं. तरी मूग गिळून उभा राहिलो. आमची दोस्ती अशी एकमेकांचं झाकण्यातलीच. डॉक्टरीण म्हणाली, काका चांगले टवटवीत दिसतात. आणि लाज वाटते सांगायला, पण माझी छाती फुगली.

मग ती पडद्याजवळ वाकली. "काकांच्या चेहऱ्यावर हे ओघळ कसले?"

आम्ही वळून पाहिलं. कपाळावरून पावडरच्या रेघा गळ्यापर्यंत उतरल्या होत्या, मिशीचा काळा रंग हनुवटीवर आला होता. खोलीत उकडतंय का, असं तिने विचारलं. नर्सबाई स्वेटर घालून उभ्या होत्या.

"काका, आत्ता छातीत दुखतंय? खरं सांगा."

त्याने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सकाळपासून. डाव्या हातातही उतरलंय."

मग काय, एकच धावपळ. डॉक्टरीण पडद्यातून सांगत होती आणि नर्सबाई करत होत्या. गोळी चावायला दिली, आडवं केलं, गाडी बोलावली. वहिनी एक शब्द बोलली नाही. तिला गप्प बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. आतला चेहरा राखेसारखा होता. पावडरचा डबा मी त्याच दिवशी गटारात फेकला.

नवव्या दिवशी तो परत आला, हृदयाच्या नळ्यांत दोन जाळ्या बसवून. आता दर आठवड्याला केंद्रात टॅबलेटसमोर हजेरी असते. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घण उचलत नाहीत ना?

"घण मी मारते," वहिनी म्हणाली. "ह्यांना चिमटा धरायला आणि नावं ठेवायला बसवलंय."

डॉक्टरीण हसली. मग म्हणाली, काकू, तुमचं प्रेशर कधी तपासलंय? वहिनी म्हणाली, मला काय धाड भरलीय.

लोहार खुर्चीत पुढे सरकला. "खोटं बोलते ती, बाई. सकाळी उठली की डोकं धरून बसते. हंडा उतरवताना भिंतीचा आधार घेते. पाय सुजतात म्हणून चपलेचा पट्टा सैल केलाय. दोन वर्षं झाली."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली.

"दोन वर्षं बघत होतात, तर बोलला का नाहीत?"

"भीती वाटायची," तो म्हणाला. "तू पडलीस तर मी काय करू?"

माझे डोळे भरून आले, उगाच का लपवू? नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, खोटा वाटला म्हणून पुन्हा बांधला. नवऱ्यापेक्षा जास्त निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि वहिनीलाही घणाची बंदी केली. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे.

आता दुकान उघडायच्या आधी तासभर मी घण मारतो. वस्तरा धरणारा हात तो. पहिल्याच दिवशी चौथ्या घावाला मला धाप लागली, म्हणून जरा टेकलो. काही नाही, सहज बसलो, असं म्हणणारच होतो. तेवढ्यात लोहाराने माझ्या हातातला घण काढून घेतला आणि वहिनी फोन काढून नर्सबाईंशी बोलायलाही लागली.