मास्तरांचा प्रोग्राम

मी एक प्रवेशअर्ज बोलतोय. घाबरू नका, माझ्यात आता भरायचं काही उरलेलं नाही. पण तरुणपणी माझा काय रुबाब होता! आम्हा अर्जांसमोर बसलं की भलेभले लोक स्वतःची जन्मतारीख बायकोला विचारायचे.

ब्याण्णवच्या जूनमध्ये धुळ्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. आम्ही पाचशे भावंडं. खिळे जुळवणाऱ्यानं घाईत 'संगणकशास्त्र'चं 'संगणकशस्त्र' करून ठेवलं. त्यामुळे पहिले दोन दिवस एनसीसीची पोरंच चौकशीला येत होती.

मला घेतलं सोनगीरच्या कुंदानं. बारावीसाठी ती रोज एसटीनं धुळ्याला यायची आणि स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात दारातूनच डोकवायची. आत पोरं खटाखट बटणं दाबायची. हिच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळायचा: त्या खोक्याला हा खेळ शिकवला कोणी? आणि ती बारावी झाली त्याच वर्षी कॉलेजात कॉम्प्युटरचा विषय सुरू झाला. जागा वीस. पसंतीक्रमाच्या पहिल्या ओळीत तिनं तो लिहिला आणि उरलेल्या दोन ओळींवर सरळ काट मारली. इतकी हट्टी पोरगी! आता राहिली वडिलांची सही. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत मला परत द्यायचं होतं, नाहीतर कॉलेजच संपलं.

वडील म्हणजे अभिमन मास्तर. शाळेचे नव्हेत, बँडचे, क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांनी मला जोडलेलं माहितीपत्रक वाचलं: 'विद्यार्थ्यांना आठवड्यात तीन प्रोग्राम करावे लागतील. मुलींनी मागे राहू नये.'

"तीन?" मास्तर उडालेच. "लगनसराई सोडी तर आमना बँडले बी इतला नहीत! आनि पोरीस्नी मांगे ऱ्हावानं नही? पुढे नाचानं का?"

आमच्याकडे प्रोग्राम म्हणजे लग्न, वरात, ऑर्केस्ट्रा. दुसरा अर्थ सोनगीरपर्यंत पोचलाच नव्हता. खुलासा करायला मला तोंड नव्हतं, होते ते नुसते रकाने. म्हणून मी मजा बघत बसलो.

"आबा, तो प्रोग्राम नही ना," कुंदा रडकुंडीला आली.

"जनमभर प्रोग्रामच करात मी," मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. "लोके पंगतमा बठतस, आपन दारशी उभा. तुनावर ती येळ नको."

माझी मजा तिथंच जिरली. हा माणूस आडमुठा नव्हता, लेकीला जपत होता. मला वाईट वाटलं.

कुंदानं डोळे पुसले. "आबा, तुमी एक बोट वर करतस तवय काय व्हस?"

"ढोलवाला ढोल धरस."

"दोन बोटे?"

"गानं बदलस."

"आनि मूठ?"

"बठ्ठा बँड गप."

"मंग तोच प्रोग्राम. मी लिखसू, यंत्र आयकी आनि खेळ दखाडी. बसल्या जागे."

मास्तरांनी एक बोट वर केलं, मग दोन, मग मूठ वळली. "मंग पहिला खेळ कोनता करशी?"

"वऱ्हाडले चुकाडीसन लाडू चोरनारा बँडवाला."

बेबाबाई, कुंदाची आई, पदरात हसली. मास्तरांनी तोंड वाकडं केलं, मिशीतून हसू निसटलंच, आणि पेन मागितलं. सही ठोकली. शिवाय माझा नववा रकाना, 'पालकाचा व्यवसाय', कुंदानं संकोचून कोरा ठेवला होता. तोही त्यांनी ठसठशीत अक्षरात भरला: प्रोग्राम.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मास्तर, कुंदा आणि मी कॉलेजच्या खिडकीशी. कारकुनानं मला वाचलं, आणि नवव्या रकान्यावर त्याचा चष्मा घसरला. कॉलेजात कॉम्प्युटर येऊन महिनाही झाला नव्हता. त्याचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"तुम्ही प्रोग्राम करता?"

"पंचवीस वर्षं झाली," मास्तर म्हणाले.

"कोणत्या भाषेत?"

"मराठी, हिंदी, गुजराती. जशी पार्टी असंल तशी."

कारकुनानं चष्मा वर सारला. "बाहेरगावीही?"

"सुरत, इंदूर. बोलवा तिथं येतो. लाईट गेली तरी काम थांबत नाही आपलं."

लाईट गेली तरी! कारकून ताडकन उठला, आतून प्राचार्यांच्या खोलीतली गादीची खुर्ची ओढत आणली आणि शिपायाला चहाला पिटाळलं. "साहेब, बसा ना!"

मास्तरांनी मागं वळून पाहिलं, साहेब कोण आलेत म्हणून. मागं कुणीच नव्हतं. मग ते हळूच टेकले. कुंदा ओढणीत तोंड खुपसून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. माझ्यावर शिक्का बसला. वीसपैकी एक जागा कुंदाची झाली.

आज मी रेकॉर्डरूममध्ये लाल फडक्यात बांधून पडलोय. काट मारलेल्या दोन ओळी वाळवीनं फस्त केल्यात. त्याचं मला काही नाही. माझी विनंती एवढीच, उद्या कोणी शहाणा बाबू माझा नववा रकाना चुकला म्हणून दुरुस्त करायला निघाला, तर त्याचा हात धरा. त्या रकान्याच्या जोरावर एक माणूस गादीच्या खुर्चीत बसला होता. चहा संपला, कप गेला, तरी तो जरा वेळ बसूनच राहिला.