बाबांच्या हातचे सेल

मी एक जुनी बॅटरी आहे. तुमच्या पुस्तकात मला विजेरी म्हणत असतील. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात तीन सेल सडले आहेत, आणि ते कोणी सडवले तेच मी सांगणार आहे.

पत्र्याची नळी, एक काच, एक स्प्रिंग, मागे फिरकीचं झाकण, एवढीच मी. मला कोपरीच्या धाकूने घेतलं. तो खाडीत मासेमारी करायचा. माझ्या उजेडात त्याने जाळ्याचा गुंता सोडवला, चिखलात रुतलेला नांगर शोधला. तो काही मायाळू नव्हता. मला शिवी देऊन लुंगीला पुसायचा. पण काम संपलं की झाकण फिरवून तिन्ही सेल बाहेर काढायचा आणि कागदात गुंडाळून घरात फळीवर ठेवायचा. एकदाही चुकला नाही.

गुडघे गेल्यावर त्याने होडी विकली. त्याची मुलगी हेमांगी डोंबिवलीला नोकरी करते. तिच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात माझी रवानगी झाली. ती गाडी दिवसभर उन्हात उभी असते. आत बसायला कापड टाकावं लागतं, तर कप्प्यात काय होत असेल?

धाकूने पहिल्याच दिवशी बजावलं, "बॅटरी गाडीत, सेल तुझ्या पर्समध्ये. गाडीत शिजतील ते."

"बाबा, पर्समध्ये जागा नाही."

"मंग लिपस्टिक गाडीत ठेव."

हेमांगी हसली आणि सेल पर्समध्ये टाकले. तीन वर्षं मी सुखात होते.

मग एका फाल्गुनात धाकूला दवाखान्यात नेताना तिन्हीसांजेला टायर बसलं. धाकूने स्वतः सेल भरले, मला चाकावर धरलं. काम झालं. घाईत सेल काढायचे राहिले, आणि धाकू दवाखान्यातून परत आलाच नाही.

तिथून पुढे मला कोणी उघडलं नाही. हेमांगीची आई, जनाबाई, सारखी सांगायची, "काढ गो ते सेल. सडतील."

"बाबांच्या हातचे आहेत, आये. राहू दे."

"हात त्याचं, सेल कंपनीचं."

"तुला काही वाटतच नाही का?"

मित्रांनो, जनाबाईला काय वाटायचं ते मला माहीत होतं. ती गाडीत एकटी बसली की कप्पा उघडून माझ्यावर हात ठेवायची. हेमांगीने ते कधी पाहिलं नाही.

दसऱ्याला गाडी धुतली. मला बॉनेटवर ठेवून हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हेमांगीने डोळे मिटून हात जोडले. आणि झाकण? झाकणाला कोणी बोटही लावलं नाही. त्या फुलाचा मला जेवढा राग आला, तेवढा धाकूच्या शिव्यांचा कधी आला नव्हता. तोवर एक सेल फुगून पाझरायला लागला होता.

पुढच्या मे महिन्यात डोंबिवलीला जनाबाईच्या भाचीच्या घरी बारसं होतं. मायलेकी परतताना शीळफाट्याजवळ गाडी पंक्चर झाली. अंधार पडत होता. मोबाईल केव्हाच बंद पडला होता. बाजूने ट्रक सुसाट जात होते. हेमांगीने मला काढलं आणि आईच्या हातात दिलं.

जनाबाईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी पेटले नाही.

"मना काय दिसत नाय," जनाबाई म्हणाली. चाकामागे लावायला दगड शोधत ती रस्त्याच्या कडेला सरकली आणि उघड्या गटारात कोसळली. मनगट मोडलं.

आठ दिवसांनी, हात गळ्यात बांधलेल्या जनाबाईने मला हेमांगीपुढे ठेवलं. "मना एका हातानं जमत नाय. तू उघड."

झाकण फिरेना. हेमांगीने पक्कड लावली. झाकण निघालं आणि पांढरा चुरा तिच्या मांडीवर सांडला. स्प्रिंग गळून गेली होती. सेल नळीला चिकटून बसले होते; उपटूनही निघाले नाहीत.

हेमांगी रडायला लागली. "बाबांचं एवढंच तर ठेवलं होतं मी."

"सेल घालायचा तुझा बाप, आनि काढायचा पन तोच," जनाबाई म्हणाली. "निम्माच बाप ठेवलास तू."

हेमांगीने मला छातीशी धरलं. मला त्याचा काही उपयोग नव्हता.

मित्रांनो, आता मी भंगाराच्या पिशवीत आहे. दया दाखवू नका. तुमच्या घरच्या गाडीतही माझ्यासारखी कोणी असेल. आज खाली जा, तिचं झाकण फिरवा आणि सेल घरात आणा. ते कोणी भरले होते, हे विचारत बसू नका.